खड्डा, उडी आणि सहा फ्रेम

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात पावसाच्या कविता, किल्ल्यांची वर्णनं आणि मेसच्या डाळीवरचे विनोद दरवर्षी न चुकता येतात. यंदा मी गेम्सवर लिहितोय म्हटल्यावर संपादक मंडळातल्या एकाने विचारलं, "अरे, हे मासिक आहे की सायबर कॅफे?" त्याला म्हटलं, लेख वाचून मग बोल. कारण हा लेख 'टॉप टेन गेम्स' छापाचा नाही. एक साधी उडी नीट मारता यावी म्हणून लोकांनी किती डोकं चालवलंय, त्याचा हा छोटासा अभ्यास आहे. बरोबर थोडी माझी मतंही आहेत. ती पटली नाहीत तर कॅंटीनमध्ये भेटा.

विषय आहे प्लॅटफॉर्मर गेम्सचा. म्हणजे मारिओच्या जातीचे गेम. स्क्रीन बाजूने दिसते, एक छोटा माणूस पळतो, फळ्यांवरून उड्या मारतो, खड्डे ओलांडतो, समोर येणाऱ्याला चुकवतो किंवा मारतो. अशा गेम्सना ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आपल्या होस्टेलमधल्या सर्वसाधारण लॅपटॉपवर ते पंखा न ओरडता चालतात, हा त्यांचा पहिला गुण. दुसरा गुण असा की त्यांच्यात लपवायला जागा नसते. मोठ्या गेममध्ये सुंदर डोंगर, सिनेमासारखी कथा, शंभर माणसांचं संगीत असतं. इथे उडी चांगली असेल तर गेम चांगला, उडी वाईट असेल तर सगळंच वाईट.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे शोधत बसायला नको. गेम अवघड असणं आणि गेमने छळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गेम्समध्ये त्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. गेल्या वीस वर्षांतल्या छोट्या गेम्सनी त्या वेगळ्या करून दाखवल्या. आणि हा फरक फक्त गेमपुरता नाही.

चाळीस केबीतला शिक्षक

सुपर मारिओ ब्रदर्स जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो घडवला, संगीत कोजी कोंदो यांचं. ज्या फॅमिकॉम यंत्रावर तो चालायचा त्याची मुख्य मेमरी होती २ केबी. अख्खा गेम, म्हणजे बत्तीस लेव्हल, गाणी, चित्रं, सगळं मिळून ४० केबी. आज आपण सबमिशनला जो स्कॅन केलेला फोटो पाठवतो, तो याच्या कितीतरी पट मोठा असतो! जागा वाचवायची म्हणून आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच चित्रं आहेत. फक्त रंग बदललेत. लहानपणी आम्ही भाऊ-बहीण जत्रेतून आणलेल्या टीव्ही गेमवर हा गेम शेकडो वेळा खेळलो, पण ढग आणि झुडूप एकच आहे हे आमच्या कधी लक्षात आलं नाही. लक्षात येत नाही, हीच तर त्यातली कमाल.

पण मला जास्त आवडते ती पहिली लेव्हल. तिच्यात एक अक्षरही सूचना लिहिलेली नाही. मारिओ स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा आणि उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचं कुठे ते कळलं. थोडं पुढे गेलं की एक चिडका मशरूमसारखा प्राणी समोरून येतो. त्याला धडकलात की मेलात. पण लेव्हल आत्ताच सुरू झालेली असते, त्यामुळे गमावलं काय? चार सेकंद. पुढच्या वेळी आपण उडी मारतो आणि चुकून त्याच्या डोक्यावर पडतो. तो चेपतो. दुसरा धडा झाला. मग विटेला डोकं आपटल्यावर खरा मशरूम बाहेर येतो, उजवीकडे सरकतो, पाइपला धडकतो आणि उलटा आपल्याकडे येतो. आपण घाबरून उडी मारावी तर वर विटा असतात, त्यामुळे बहुतेक वेळा तो अंगावर येतोच. आणि आपण मोठे होतो! न सांगता कळतं की सगळ्याच हलणाऱ्या गोष्टी वाईट नसतात.

याच लेव्हलच्या उत्तरार्धात दोन जिने समोरासमोर येतात. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन आहे. उडी चुकली तर फक्त खाली पडता, पुन्हा चढता. लगेच पुढे तशीच दुसरी जोडी येते, पण या वेळी मध्ये खड्डा. तेच काम, आता जोखमीसह. आमच्या वर्कशॉपमध्ये आधी लाकडाच्या तुकड्यावर करवत चालवायला देतात आणि मग 'जॉब' देतात, तसंच हे. मियामोतो साहेबांनी बी. एड. केलं नव्हतं, पण शिकवायचं कसं ते त्यांना नेमकं कळलं होतं.

जुने गेम एवढे छळायचे का?

आता दुसरी बाजू. 'जुने गेम काय सॉलिड अवघड होते, आजची पोरं लाडावलेली' असं म्हणणारे सीनियर प्रत्येक होस्टेलमध्ये असतात. अवघड होते हे खरंच. पण का, ते बघायला हवं.

पहिलं कारण पैसा. हे गेम ज्या आर्केडच्या परंपरेतून आले तिथे यंत्रात नाणं टाकून खेळायचं असे. खेळाडू लवकर मेला तर दुसरं नाणं पडणार. म्हणजे मरण हेच उत्पन्न. कॅपकॉमचा १९८५ सालचा घोस्ट्स अँड गॉब्लिन्स घ्या. चिलखतवाला शूरवीर, एक फटका बसला की चिलखत गळून तो चड्डीवर येतो, दुसऱ्या फटक्याला हाडांचा सांगाडा. एवढं सोसून शेवटपर्यंत गेलात तर गेम सांगतो की हा सगळा भास होता, आता पुन्हा पहिल्यापासून खेळा. दुसऱ्यांदा पूर्ण केल्यावरच खरा शेवट. याला अवघड म्हणायचं की वसुली?

दुसरं कारण जागा. ४० केबीत किती लेव्हल भरणार? येत असेल तर कॉन्ट्रा अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. अर्ध्या तासाचा गेम महिनाभर पुरवायचा असेल तर उपाय एकच, खेळाडूला सारखं मागे ढकलायचं. कॉन्ट्रामध्ये एक गोळी लागली की लाईफ गेली, आणि लाईफबरोबर मिळवलेली गनही गेली. एकदा का तीन लाईफ संपल्या की डोळ्यांत पाणी.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हा कोड ऐकला नाही असा गेमर विरळा. अमेरिकेत १९८८ साली आलेल्या घरगुती कॉन्ट्रात हा कोड टाकला की तीनच्या जागी तीस लाईफ मिळायच्या. पण कोडचा जन्म कॉन्ट्रातला नाही. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो ग्रॅडियस हा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तो १९८६ साली आला. तपासताना तो गेम त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी सगळी शस्त्रं एकदम देणारा हा कोड घालून ठेवला, आणि तो गेममध्ये तसाच राहून गेला. हाशिमोतो २०२० साली वारले. आता विचार करा, ज्याने गेम बनवला त्यालाच तो पार करायला चोरवाट लागली, आणि तोच गेम लोकांच्या हातात दिला!

मारिओच्या बाबतीतही तेच झालं. १९८६ साली जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स २ आला. त्यात पहिल्याच लेव्हलमध्ये विटेतून विषारी मशरूम निघतो, आणि एके ठिकाणी शॉर्टकट समजून पाइपात शिरावं तर तो आपल्याला मागच्या वर्ल्डमध्ये आणून सोडतो. पहिल्या गेमने शिकवलेल्या भरवशाचा हा सरळ विश्वासघात आहे. निंटेंडोच्या अमेरिकन शाखेला तो नको तितका कठीण वाटला आणि १९८८ साली तिथे त्या नावाने दुसराच गेम, डोकी डोकी पॅनिक नावाच्या गेमचं रूप बदलून, विकला गेला. मूळ गेम अमेरिकेत पोचायला १९९३ साल उजाडलं. मी दोन्ही खेळलोय. मूळ दुसरा मारिओ खेळताना मला आपण शिकतोय असं एकदाही वाटलं नाही. कुणीतरी पलीकडे बसून हसतंय असंच वाटत राहिलं.

प्रिन्सचं वजन

आपल्याकडे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ज्यांनी माऊस पकडायला शिकलं, त्यांना डेव्ह आणि प्रिन्स या दोघांची ओळख करून द्यायला नको. डेव्ह म्हणजे जॉन रोमेरो यांचा डेंजरस डेव्ह. कप घ्या, दार गाठा. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रिन्सबद्दल लिहायचंय.

जॉर्डन मेकनर यांनी प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ साली ॲपल टू कॉम्प्युटरसाठी तयार केला. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला, लटकायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली. म्हणून प्रिन्स पळतो तेव्हा खरा माणूस पळतोय असं वाटतं. पण याची किंमतही आहे. खरा माणूस बटण दाबल्याबरोबर हवेत जात नाही, आधी पाऊल टाकतो. प्रिन्सही तसंच करतो. त्यामुळे त्याची उडी 'आत्ता' नाही, 'एक पाऊल आधी' ठरवावी लागते. मारिओ म्हणजे रबराचा चेंडू, प्रिन्स म्हणजे हाडामांसाचा माणूस. चेंडू हातात लगेच बसतो. प्रिन्सला समजून घ्यावं लागतं. एकदा समजला की मात्र टोकदार सळ्यांवरून जाताना छातीत जी धडधड होते ती चेंडूला येत नाही.

मेमरीच्या टंचाईतून या गेमला त्याचं सर्वांत चांगलं पात्र मिळालं. मेकनर यांना एक शत्रू हवा होता, पण नव्या पात्राच्या चित्रांसाठी जागाच उरली नव्हती. मग प्रिन्सचीच चित्रं घेऊन, ती थोडी सरकवून, त्यांच्या बिट्सचं एक्स-ऑर केलं. पडद्यावर एक लुकलुकणारी छाया तयार झाली. सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक्स-ऑरचं कोष्टक पाठ करणाऱ्यांनो, त्या गेटचा याहून सुंदर उपयोग मी पाहिलेला नाही. ती छाया आरशातून बाहेर येते आणि पुढे आपल्या वाटेत आडवी येत राहते. शेवटी तिच्याशी तलवारीने लढायला जावं तर तिला बसलेला घाव आपल्यालाच लागतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग ती आपल्यात मिसळते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ खुर्चीत तसाच बसून होतो. या गेमचा मूळ कोड हरवला होता, तो २०१२ साली जुन्या फ्लॉपींमध्ये सापडला आणि मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. कॉम्प्युटरवाल्यांनी एकदा जरूर चाळावा.

उडीचं गणित

आता थोडा अभ्यास. घाबरू नका, अकरावीचं फिजिक्स पुरेल.

समजा तुम्हाला गेममध्ये उडी बसवायची आहे. नवखा माणूस गुरुत्वाकर्षण ९.८ घालून सुरुवात करतो आणि मग त्याचं पात्र चंद्रावर असल्यासारखं तरंगतं. अनुभवी माणूस उलटीकडून येतो. तो आधी ठरवतो की उडी किती उंच हवी आणि वर पोचायला किती वेळ लागावा. उंची उ आणि वेळ ट धरली, तर गुरुत्व = २उ ÷ ट² आणि सुरुवातीचा वेग = २उ ÷ ट.

उदाहरण घेऊ. उंची ४ चौकोन, वर जायला ०.४ सेकंद. गुरुत्व आलं ८ ÷ ०.१६ = ५० चौकोन प्रति सेकंद वर्ग. वेग आला २० चौकोन प्रति सेकंद. एक चौकोन अर्धा मीटर मानला तरी हे गुरुत्व २५ होतं, म्हणजे पृथ्वीच्या अडीच पट! चपळ वाटणारी उडी प्रत्यक्षात जड ग्रहावरची असते.

पुढे चला. पळण्याचा वेग सेकंदाला ८ चौकोन. हवेतला एकूण वेळ ०.८ सेकंद. म्हणजे उडीची लांबी ६.४ चौकोन. आता समोर ६ चौकोनांचा खड्डा आहे. शिल्लक फक्त ०.४ चौकोन. म्हणजे काठाच्या आधीच्या ०.४ चौकोनात बटण दाबलं तरच पार. ८ च्या वेगाने तेवढं अंतर ०.०५ सेकंदात संपतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हातात आल्या ३ फ्रेम. त्यात स्क्रीन आणि बटण यांच्यातला थोडा उशीर धरा. खेळाडू म्हणतो, "मी दाबलं होतं रे!" आणि त्याचं खरंही असतं. त्याच्या डोळ्याला पाय काठावर दिसत होता.

यावरचा इलाज म्हणजे 'कोयोटी टाइम'. जुन्या कार्टूनमध्ये कोल्ह्यासारखा तो कोयोटी कडा संपल्यावरही क्षणभर हवेत पळतो आणि खाली बघितल्यावरच पडतो, त्यावरून हे नाव. काठ सोडल्यावरही थोडा वेळ उडी मान्य करायची. सेलेस्ट या गेममध्ये हा वेळ आहे ०.१ सेकंद, म्हणजे ६ फ्रेम. आपल्या उदाहरणात ३ च्या ९ फ्रेम झाल्या. खड्डा तेवढाच, उडी तेवढीच, पण संधी तिप्पट. आणि गंमत म्हणजे खेळणाऱ्याला हे कळतही नाही. त्याला एवढंच वाटतं की गेम 'बरोबर ऐकतोय'.

अशा आणखी युक्त्या आहेत. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवून टेकल्यावर उडी मारायची. डोकं फळीच्या कोपऱ्याला जरासं अडलं तर पात्राला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ द्यायचं. बटण दाबून ठेवलं असेल तर उडीच्या टोकाशी गुरुत्व निम्मं करायचं, म्हणजे कुठे उतरायचं ते ठरवायला डोळ्याला वेळ मिळतो. सेलेस्टच्या कर्त्यांनी त्या पात्राचा कोड खुला ठेवला आहे, त्यात हे सगळं वाचायला मिळतं.

छोट्या टोळीचे मोठे गेम

'इंडी' म्हणजे मोठ्या कंपनीचा हात डोक्यावर नसताना एक-दोन किंवा मूठभर माणसांनी केलेले गेम. मी खेळलेल्यांपैकी काहींबद्दल थोडक्यात.

केव्ह स्टोरी (२००४). दाइसुके आमाया या एकट्या माणसाने फावल्या वेळात पाच वर्षं खपून केला आणि फुकट वाटला. यात शत्रू मारले की पिवळे त्रिकोण पडतात, ते गोळा केले की बंदूक सुधारते. पण फटका बसला की बंदूकच खालच्या पायरीवर येते. शिक्षा आहे, पण हातातली. दोन मिनिटांत भरून काढता येते.

स्पेलंकी (२००८, नव्या रूपात २०१२). डेरेक यू यांचा. मेलात की थेट पहिल्यापासून, आणि प्रत्येक वेळी गुहा नवी. चार गुणिले चार खोल्यांची जाळी घेऊन गेम आधी वरून खाली जाणारी एक नक्की वाट आखतो आणि बाकीच्या खोल्या तिच्याभोवती भरतो. म्हणजे बाहेर पडायला वाट असतेच. नकाशा पाठ करून उपयोग नाही, नियम समजावे लागतात. रट्टा मारणाऱ्यांना हा गेम पास करत नाही.

सुपर मीट बॉय (२०१०). एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस या दोघांचा. सगळीकडे करवती. पण मेल्यावर पापणी लवायच्या आत पुन्हा सुरू. लेव्हल पार झाली की तुमचे सगळे प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. चाळीस जण सुटतात, एकेक करून कापले जातात आणि एकच दारापर्यंत पोचतो. तो पोचलेला एक त्या एकोणचाळीस जणांच्या जिवावर पोचलाय, हे डोळ्यांनी दिसतं.

शोव्हेल नाइट (२०१४). दिसायला अस्सल १९८८ चा. मधले थांबे काचेचे आहेत; हवं तर ते फोडून आतला खजिना घ्या, मात्र मग मेल्यावर मागे जायचं. म्हणजे जोखीम किती घ्यायची ते तुमच्यावर.

हॉलो नाइट (२०१७). ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा. चित्र आणि संगीत बघून वेड लागतं. मेल्यावर तुमची छाया तिथेच राहते, तुमचे पैसे घेऊन. परत जाऊन तिला हरवायचं. वाटेत पुन्हा मेलात तर पैसे गेले. ही कल्पना मला आवडते. पण काही बॉसपर्यंत पोचायला दर वेळी तोच लांबलचक रस्ता तुडवावा लागतो. त्या चालण्यात शिकण्यासारखं काही नसतं. इतक्या चांगल्या गेममध्ये जुनी खोड उरली आहे, असं माझं मत. या वाक्यावरून आमच्या विंगमध्ये भांडण होणार हे मला माहीत आहे.

आणि सेलेस्ट (२०१८). मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ साली चार दिवसांत केलेल्या चिमुकल्या गेममधून तो वाढला. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढायला निघते. तिला चिंतेचे झटके येतात, श्वास अडकतो. आरशातून तिचीच काळी छाया बाहेर पडते आणि मागे लागते. इथे मला प्रिन्स आठवला. इथेही छायेपासून पळून किंवा तिला ढकलून काही होत नाही. तिच्याशी बोलावं लागतं, आणि मग दोघी मिळून चढतात. गेम प्रचंड अवघड आहे. पण प्रत्येक स्क्रीन छोटी, मेलात की त्याच स्क्रीनवर परत. कितीदा मेलात ते गेम मोजतो, आणि त्या आकड्याची लाज बाळगू नका असंही सांगतो. ज्यांना तरीही जमत नाही त्यांच्यासाठी वेग कमी करण्याची सोय आहे, आणि ती वापरली म्हणून कुणी टोमणा मारत नाही.

हे सगळं होस्टेलमध्ये का सांगतोय?

आमच्या विंगमधल्या एका मित्राची परवानगी घेऊन लिहितो. सेलेस्टमध्ये तो अठराशेहून जास्त वेळा मेला होता. एका स्क्रीनवर दीडशे वेळा. त्याच महिन्यात त्याची एम-३ ची केटी होती. पेपरचं एक गणित दोनदा चुकलं की तो वही मिटून म्हणायचा, "आपल्या डोक्यात नाही हे." दीडशे वेळा पडणारा माणूस दोनदा चुकल्यावर हरतो कसा? आळशी म्हणावं तर तो आळशी नाही. जिद्द नाही म्हणावं तर रात्री दोनला मी ती बघितली आहे.

माझ्या मते फरक त्याच्यात नाही, खड्ड्यात आहे. गेममध्ये चूक झाल्याचं त्याच क्षणी कळतं, कुठे झाली ते दिसतं आणि पुन्हा करायला अर्धा सेकंद लागतो. परीक्षेत चूक झाल्याचं कळायला महिने लागतात, कुठे झाली ते कळतच नाही, आणि पुन्हा प्रयत्न करायला अख्खं सेमिस्टर जातं. वर घरचा फोन. तीच माणसं, तीच जिद्द, पण एक खड्डा शिकवतो आणि दुसरा नुसता गिळतो. मागच्या वर्षी फर्स्ट इयरची दोन मुलं पहिल्याच निकालानंतर सामान बांधून घरी गेली आणि परत आली नाहीत. मुलं हुशार होती. पहिल्या खड्ड्यालाच त्यांना वाटलं की गेम संपला.

परीक्षा सोपी करा असं मी म्हणत नाही. बॉयलरला तीन लाईफ नसतात आणि पुलाला चेकपॉइंट नसतो. ते काम ज्यांच्या हातात जाणार त्यांची परीक्षा कडकच हवी. पण कडक खड्ड्याच्या आधी जमीन असलेला जिना हवा. आम्ही त्या मित्राबरोबर एवढंच केलं. रोज जेवणानंतर एक गणित, वीस मिनिटं, लगेच तपासायचं, चुकलं की त्याच ओळीपासून पुन्हा. भिंतीवर चुकांचा आकडा लिहायचा, सेलेस्टसारखा. आकडा दोनशेच्या पुढे गेला तेव्हा एम-३ सुटला होता. सर आणि मॅडमना एक नम्र विनंती: वर्गातल्या छोट्या चाचणीचा पेपर दुसऱ्याच दिवशी हातात मिळाला, तर आमच्या ३ फ्रेमच्या ९ होतील. खड्डा तेवढाच राहील.

गेमच्या नादात सबमिशन आणि झोप दोन्ही बुडवणारेही आपल्यात आहेत, तेव्हा 'लेखात लिहिलंय' म्हणून कुणी रात्रभर बसू नका. सेलेस्टची एक स्क्रीन पार झाली की लॅपटॉप मिटता येतो.

करून बघा

सी, पायथॉन, जे येतं त्यात एक चौकोन काढा. वरची दोन सूत्रं वापरून त्याला उडी मारायला लावा. मग सहा चौकोनांचा खड्डा करा आणि रूममेटला वीस उड्या मारायला सांगा. किती पार झाल्या ते लिहून ठेवा. त्याला न सांगता ०.१ सेकंदाचा कोयोटी टाइम घाला आणि पुन्हा वीस उड्या मारायला सांगा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा, आणि मग त्याला विचारा, "काय बदललं?" बहुतेक तो म्हणेल, "काही नाही, आता हात बसला." कोडची ती एक ओळ त्याला नंतर दाखवा.